पान चव्वेचाळीस

धाकटी: हात लावायच्या आधी मला एक फोन केला असता तर तुमचं काय बिघडलं असतं, वहिनी?

थोरली: घरातल्या वस्तूला हात लावायला मी तुझी परवानगी घ्यायची? उद्या गॅस पेटवायच्या आधीही विचारत जाऊ का?

धाकटी: बाबांचा पुस्तकं वाचायचा रीडर आहे तो. तीन रविवार घातलेत मी त्याच्यात. उजवा हात चालत नाही त्यांचा, डावा थरथरतो. पडद्यावर बोट टेकवलं की एकदम तीन पानं पुढे जायची. म्हणून मी कंपनीचं सॉफ्टवेअर काढलं, दुसरं टाकलं, पायाखाली पेडल दिलं. पाय दाबला की एक पान. आणि तुम्ही सगळं पुसून पुन्हा कंपनीचंच आणून ठेवलंत.

थोरली: कारण तुझं ते अडकत होतं.

धाकटी: अडकत नव्हतं.

थोरली: दुकानात दिवसभर मोडके फोन उघडतेस, म्हणून सगळी अक्कल तुझ्याच वाट्याला आली असं समजू नकोस. शाळेच्या ग्रंथालयात चाळीस रीडर सांभाळते मी. कंपनीनं दिलंय तसं चालवायचं, उगाच आत बोटं घालायची नाहीत, हा माझा नियम. विज्ञानाच्या मास्तरांना एकदा हौस आली, त्यांनी सहा रीडरांत काहीबाही भरलं. सहाही बंद पडून दगड झाले. त्यातला एक आता खिडकीच्या फटीत लावलाय मी, आपटू नये म्हणून.

धाकटी: त्यांना येत नव्हतं. मला येतं.

थोरली: हो ना. आणि रविवारी येऊन तासभर स्क्रू फिरवायचे, की झाली धाकटी सून गुणाची. बाकीचे सहा दिवस अंघोळ कोण घालतं, औषधं कोण देतं, ते कुणी विचारत नाही.

धाकटी: मी कधी म्हटलं तुम्ही करत नाही? विषय बदलू नका. तुम्ही सकाळी शाळेत असता. तोवर बाबांनी काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं? पेडल होतं तर निदान वाचत होते. बुधवारी दुपारी तीनपर्यंत सगळं नीट चालू होतं.

थोरली: बुधवारी?

धाकटी: हो, बुधवारी.

थोरली: तू तर गेल्या रविवारनंतर आज उगवते आहेस. बुधवारी दुपारी तीनला नीट चालू होतं, हे तुला कुणी सांगितलं?

धाकटी: कळतं मला.

थोरली: कसं कळतं तेच विचारतेय.

धाकटी: फोनवर दिसतं. किती पानं झाली, कधी उलटली. एवढंच.

थोरली: आता आलीस मुद्द्यावर. कंपनीचं काढून टाकताना याच खोलीत मोठं भाषण दिलं होतंस. "बाबा काय वाचतात हे त्या लोकांनी कशाला बघायचं?" त्यांनी डोकावलेलं तुला खपलं नाही. मग तूच खिडकी उघडून बसलीस, आणि तीही न सांगता.

धाकटी: कंपनीची आणि माझी बरोबरी करता तुम्ही? मी तासभर लांब राहते. अकरा वाजून गेले आणि एकही पान उलटलेलं नसलं तर काहीतरी चुकलंय, एवढं मला कळावं म्हणून ठेवलं होतं. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी बाबा तीन तास बाथरूमच्या फरशीवर पडून होते. तीन तास. कुणाला पत्ता नव्हता.

थोरली: बोल. थांबू नकोस, पुढचंही बोल.

धाकटी: मी काही म्हटलं नाही.

थोरली: म्हटलंस. दर महिन्याला एकदा तरी म्हणतेस. मी शाळेत होते. नोकरीवर होते, फिरायला गेले नव्हते. दार उघडलं आणि ते दिसले, ते मी विसरलेय असं वाटतं तुला? अजून बाथरूमचं दार लावून घेतलं त्यांनी, की मी बाहेर उभी राहते.

धाकटी: मग तुम्हाला तर माझं पटायला हवं होतं.

थोरली: मला पटून काय उपयोग? बुधवारी तू त्यांना फोन केलास. मी भाजी निवडत होते. काय बोललीस, आठवतं?

धाकटी: चौकशी केली. बाकी काही नाही.

थोरली: तू म्हणालीस, "बाबा, चव्वेचाळीस नंबरच्या पानावर चाळीस मिनिटं झाली, डुलकी लागली का?" हसत म्हणालीस. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो त्यांचा, सगळं ऐकू आलं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. नंतर मला म्हणाले, हे काढून टाक. तिला सांग, अडकत होतं.

धाकटी: खोटं आहे. बाबा असं मला सांगतील, तुम्हाला नाही.

थोरली: का? मी कोण, कामवाली?

(सासरे डाव्या हातात काठी धरून आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहतात.)

सासरे: तिनं पुसलं, असं म्हणू नकोस. पुसायला मी सांगितलं. तुझ्या वाक्यातला कर्ता चुकतोय.

धाकटी: बाबा, बसा आधी.

सासरे: बसतो. मला धरू नका दोघी. येतं मला.

धाकटी: माझं चुकलं. विचारायला हवं होतं. पण डुलकी लागली तर त्यात एवढं लाजण्यासारखं काय आहे? कुणालाही लागते.

सासरे: डुलकी नव्हती लागली.

धाकटी: मग?

सासरे: वाचत होतो. चव्वेचाळीसच. वरून सुरू करायचो. खाली येईपर्यंत वरचं गेलेलं असायचं. पुन्हा वर. पुन्हा खाली. कोण कुणाशी बोलतंय, ते धरूनच ठेवता येईना. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. चारशे पानांच्या कादंबरीत मावशीचं घर एकदा नदीच्या अलीकडे आलं आणि एकदा पलीकडे, तर मला कळायचं. लेखकाला कळलेलं नसायचं.

थोरली: बाबा, हे तुम्ही मलाही बोलला नाहीत.

सासरे: नाही बोललो.

थोरली: मला वाटलं, ती बघते याचा राग आला तुम्हाला.

सासरे: राग आलाच. पण तू विचारलं नाहीस आणखी काय आहे. हातात आल्या आल्या रिसेट केलंस. तुला ते पाहिजेच होतं.

थोरली: मी तुमच्यासाठी केलं.

सासरे: थोडं माझ्यासाठी. थोडं तिची जिरवायला. आता माझ्या हातात काय राहिलं? पान उलटायला तुला हाक मारायची. आज सकाळपासून पाचदा मारली.

थोरली: आले की मी पाचही वेळा.

सासरे: आलीस. पाचव्या वेळी उसासा टाकलास. मग मी सहाव्यांदा हाक मारली नाही.

धाकटी: बाबा, मला सांगायचं होतंत. दर रविवारी बसत होते तुमच्याशेजारी.

सासरे: तू लगेच दुरुस्त करायला घेतलं असतंस.

धाकटी: मग त्यात वाईट काय झालं असतं?

सासरे: मी तुझ्या काउंटरवर आलेलं गिऱ्हाइकाचं यंत्र नाही, पोरी. बिघडलोय हे आधी मला एकट्याला कळून घ्यायचं होतं. चार दिवस तरी. तुझ्या फोनला माझ्या आधी कळलं.

थोरली: डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. उद्या मी सुट्टी टाकते.

धाकटी: मीही येते.

थोरली: तुझी गरज नाही.

सासरे: आहे. दोघी या. गाडीत भांडू नका म्हणजे झालं.

धाकटी: बाबा, पुस्तक बंद करायचं का मग? दुसरं काही, ऐकायचं वगैरे?

सासरे: ऐकण्यात माझं मन लागत नाही. अक्षर दिसल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही मला. एक विचारू? छापखान्यात मी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवायचो. खालचं सगळं झाकलेलं. तसं यात होतं का? एका वेळी एकच वाक्य?

धाकटी: कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही होत. अक्षर मोठं करता येतं, पण वाक्य मधूनच तुटतं आणि अर्धं पुढच्या पानावर जातं. माझ्यात होईल. एक वाक्य ठळक ठेवते. त्याच्या आधीचं वर फिकट. पाय दाबला की पुढचं.

सासरे: आधीचं दिसत राहील?

धाकटी: हवं तितका वेळ.

सासरे: मग कर तसं.

थोरली: आणि तुझ्या फोनवर जाणारं?

धाकटी: काढून टाकते.

थोरली: काढलंस हे कोण बघणार?

धाकटी: बाबांना शब्द देते मी.

थोरली: मागच्या वेळीही तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. शब्द नको. मला उघडून दाखव.

धाकटी: दाखवते. पण मग तुम्ही शाळेत असताना बाबा पडले, तर कुणाला कळणार ते सांगा. ते नको बोलायला, बरोबर?

सासरे: तू अकराला फोन कर. मी उचलेन. शेजारणीकडे किल्ली देऊन ठेवू. नाही उचलला तर तिला पाठव. आणि फोनवर कुठल्या पानावर आहे ते विचारायचं नाही. मला वाटलं तर मी सांगेन.

धाकटी: नाही विचारणार.

थोरली: मी रिसेटचं बटण दाबणार नाही. पण ते यंत्र दगड झालं तर पहिल्यांदा तुझ्याच दारात आणून टाकेन.

धाकटी: आणा. वायर कुठे ठेवलीत?

थोरली: कपाटात, वरच्या खणात. लांब नव्हे, आखूड आहे ती घे.

सासरे: मी आत पडतो जरा. झालं की उठवा.

धाकटी: तास लागेल.

थोरली: मी इथेच बसते.

धाकटी: विश्वास नाही म्हणून?

थोरली: हो.

धाकटी: मग खुर्ची जवळ घ्या. तिथून अक्षर दिसणार नाही तुम्हाला.