नमुना अमान्य

सॉफ्टवेअरवाल्यांनी अक्कल कुठे गहाण टाकलीय, देव जाणे. आमच्या सर्वण गावच्या दूध सोसायटीत तपासणीचं नवं मशीन आलंय. परवा सकाळी शांबाकाकांचं दूध त्यात घातलं, तर पडद्यावर लाल अक्षरांत ‘नमुना अमान्य’. पुढे एक शब्द नाही. मागच्या रांगेतले सगळे काकांच्या कॅनकडे बघायला लागले.

"म्हणजे मी दुधात उदक घालतां?" काका तडक देवळात गेले. भटजींना कौल लावायला सांगितला. दूध चांगलं असेल तर मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची फुलाची पाकळी पडू दे, खोट असेल तर डावीकडची. उजवी पडली. काका ती पाकळी घेऊन आले आणि मशीनसमोर धरली. मशीनचं आपलं तेच, ‘नमुना अमान्य’.

शेवटी मीच पणजीला कंपनीत फोन लावला. तिथला इंजिनियर म्हणतो, "पावतीचा कागद संपला असेल. रोल घाला, चालू होईल."

"मग ‘कागद संपला’ असं लिहायला काय झालं होतं?"

"सर, सगळ्याला एकच मेसेज ठेवलाय. गावातल्या लोकांना जास्त सांगितलं तर ते गोंधळतात."

फोन स्पीकरवर होता. काकांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"अरे, आमचा देव दगडाचा. तरी विचारलं की उजवं-डावं सांगतो. तुका तर तोंड आसा मरे!"