मनोहरकाकाची तेरवी

आमचे मनोहरकाका जितेपणी सोताच्या तेरवीले जेवले. खोटं वाटत असंन तं आमच्या बोथ गावात कोणालेबी इचारा.

एक नामी बंगाली डायरेक्टर आमच्या गावात शूटिंगले आला होता. त्याले सारं खरंच पायजे. खऱ्या बांबूची तिरडी, खरे खांदेकरी, खरं मडकं. मेलेला माणूस तेवढा जिता चालत होता, म्हणून काकाले तिरडीवर निजवलं. काकानं असा श्वास धरला का डायरेक्टरनं टाळ्या वाजवल्या!

काका खुशीत घरी आले, तं काकू दारात आडवी.

"मडकं फुटलं ना? मंग तेरवी झाल्याबिगर घरात पाय ठेवाचा नाही."

संग आलेला डायरेक्टर हात जोडून म्हणे, "माताजी, वो तो ॲक्टिंग था!"

काकू म्हणे, "तिरडीले काय समजते ॲक्टिंग?"

काका चावडीत झोपू लागले. शेवटी डायरेक्टरनंच तेरवी घातली. पुरा गाव जेवला. काकाच्या फोटोले हार होता, आन खाली बसून काका, वरणात मीठ कमी हाय म्हणून कुरकुर करून राह्यले होते.

पुढच्या साली तो पिक्चर टीव्हीवर लागला. सरपंचाच्या घरी सारं गाव जमलं. शेवटपर्यंत पाह्यलं, पण काका काही मेले नाही. डायरेक्टरनं तो सीनच कापला होता.

काकू ताडकन उठली. "म्हणजे तुमी मेलेच नाही! मंग ते तेरवी कायची खाल्ली?"

काकानं मान खाली घातली.

"आता मले पुन्हा मरा लागते."