काठोकाठ भरलेला डबा

अलिदा: झाडू ठेव, ओडील. काच मी भरते. तू आधी हान्नेला फोन लाव.

ओडील: एक बाटली फुटली म्हणून लेकीला घाबरवायचं?

अलिदा: तीन फुटल्या. आणि तिच्या घरी चोवीस आहेत.

ओडील: वास तरी घे गं. पीच, संत्र्याची साल... अख्ख्या पोपेरिंगे गावात एवढी हॉपची फुलं घालून कुणी घरी बिअर केली नसेल. आणि प्यायली कोणी, तर तळघराच्या फरशीने!

अलिदा: फोन.

(ओडील फोन लावतो.)

हान्ने: बोला बाबा! रविवारी मिर्तेच्या बाप्तिस्म्याला पहिला पेला फादरांना, कबूल केलंय मी.

ओडील: बाटल्या कुठे ठेवल्यास?

हान्ने: स्वयंपाकघरात. उबेला ठेव म्हणालात ना? मिर्तेच्या पाळण्यामागे.

ओडील: तिला उचल.

हान्ने: आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा...

ओडील: उचल म्हणतो ना!

हान्ने: ... घेतली. पुढच्या खोलीत आलेय. काय झालं बाबा?

ओडील: बाटल्यांत दाब फार झालाय. दार लावून घे, आत जाऊ नकोस. मी येऊन झाकणं सैल करतो.

हान्ने: तीस वर्षांत तुमची एक बाटली फुटली नाही.

ओडील: काच जुनी असेल.

हान्ने: जुनी कशी? या वेळी मीच नव्या आणून दिल्या. आईला द्या बरं.

अलिदा: ऐकतेय मी, बाळा. आम्ही दोघंही निघतोच. मिर्तेला जवळ घेऊन बस.

ओडील: ... ठेवला तिने. अलिदा, तो साखरेचा डबा आण.

अलिदा: आता कशाला? कोट घाल.

ओडील: आण. बाटल्या भरताना फेसापुरतं साखरेचं पाणी एकदाच घालायचं असतं. एकशेचाळीस ग्रॅम. राखेच्या बुधवारी, उपवास सुरू होताना, तू डबा काठोकाठ भरलास, किलोभर, आणि ईस्टरपर्यंत साखर सोडलीस. माझी तर डॉक्टरांनीच सोडवलीय. काट्यावर ठेव.

अलिदा: सातशेवीस.

ओडील: दोनशेऐंशी कमी. म्हणजे दोनदा घातली मी.

अलिदा: मी खाल्ली.

ओडील: तू?

अलिदा: कॉफीत. सकाळी चमचाभर. मोह झाला.

ओडील: चमचाभर, चमचाभर, आणि बरोबर एकशेचाळीस?

अलिदा: खाल्ली म्हणते ना.

ओडील: मग बाटल्या फुटल्या कशाने?

अलिदा: कोट घाल. हान्ने वाट बघतेय.

ओडील: बेचाळीस वर्षांचे उपवास पाहिलेत मी तुझे. हान्ने झाली त्या वर्षी सुईणीने हातावर ठेवलेला साखरेचा खडासुद्धा परत केलास. मागे मी सायकल बाजारात विसरून आलो, तेव्हाही ‘मीच त्याला पायी यायला सांगितलं होतं’ म्हणालीस. शनिवारी पापकबुलीला फादरांना काय सांगणार आहेस? साखर खाल्ली, की नवऱ्यासाठी खोटं बोललीस?

अलिदा: ते माझं नि देवाचं.

ओडील: दोनदा घातली, ते आठवत नाही, त्याचं एवढं नाही गं.

अलिदा: मग?

ओडील: एकदा घातल्याचंही आठवत नाही.

अलिदा: हात दे इकडे. बोटात काच आहे तुझ्या.