सापडल्याची दवंडी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. आज काल्याचं कीर्तन! हंडी फुटणार, दही-लाह्या मिळणार, आणि तुमचा अर्धा जीव त्या हंडीत अडकलाय हे मला इथून दिसतंय! मिळेल, मिळेल. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या.

माणूस चोर कसा होतो?

हसू नका! माझा पुतण्या कॉलेजात समाजशास्त्र शिकतो. परवा पुस्तक उघडून मला सांगत होता, "काका, यावर मोठमोठ्या पंडितांनी डोकं चालवलंय." एक म्हणतो, बंगल्याचं स्वप्न सगळ्यांना दाखवायचं आणि शिडी चौघांनाच द्यायची, मग पाचवा भिंतीवरून चढणारच. दुसरा म्हणतो, माणूस ज्यांच्यात बसतो-उठतो त्यांचंच शिकतो. आणि तिसरा म्हणतो — गाव ज्याला चोर म्हणत राहतं, तो शेवटी चोर होतो! मी म्हटलं, "बाळा, या तिसऱ्या पंडिताला मी ओळखत नाही. पण तो बोलला ते मी डोळ्यांनी बघितलंय. बघितलंय काय, केलंय!"

आणि लांब कशाला जायचं? आज आपण ज्याचा काला करतोय, तो गोकुळात काय करत होता? लोणी चोरत होता! त्याला चोर म्हणताना आयाबाया गालातल्या गालात हसतात. का हो? कारण जी त्याला चोर म्हणायची, तीच त्याला मांडीवर घ्यायची. शब्द तोच, माउली! पण प्रत्येकाला मांडी मिळत नाही. ऐका आता.

बोरदरा नावाचं गाव. तिथल्या सप्त्याला मी नऊ वर्षं जातोय. त्या गावात गहिनीनाथ नावाचा माणूस. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं विहिरीवरची मोटार चोरली. चोरली, मी झाकून ठेवत नाही! भंगारात विकली, सापडला, आठ महिने तुरुंगात बसला. आणि तिथं शिकला काय? जळालेली मोटार तांब्याची तार गुंडाळून नव्यानं भरायला! देवाची गंमत बघा — जी वस्तू चोरली, तीच दुरुस्त करायची विद्या मिळाली.

परत आला. लग्न केलं, कुशावर्ता नावाची बायको आली. दारावर पाटी लावली, 'मोटार भरून मिळेल.' सोळा वर्षं पाटी होती हो! गावातली एक मोटार त्या दारात आली नाही. लोक जळकी मोटार गाडीला बांधून बावीस किलोमीटरवर तालुक्याला न्यायचे. चोराच्या हातात मोटार कशी द्यायची?

आणि गावात काही हरवलं, की देवळावरचा भोंगा बोलायचा. "वच्छलाबाईंची तलंग हरवली आहे होऽऽ!" तलंग म्हणजे कोवळी कोंबडी. की निघाली चार माणसं गहिनीनाथच्या घरी. आधी त्याचं घर, मग स्वतःचं! पंचायतीचा पाना गेला, शाळेची केबल गेली, याच्याच घरी! ज्ञानोबा अण्णांची कवळी हरवली, तरी याच्याच घरी! अहो, दुसऱ्याच्या दातांचं चोरानं करायचं काय?

हसलात ना? मीही हसलो होतो. मागच्या सालापर्यंत.

मागच्या साली माझे टाळ हरवले. हेच, तांबड्या गोंड्याचे. माझ्या गुरूंनी दिलेले! मी सहज विचारलं, "तो गहिनीनाथ इकडं आला होता का?" बस्स. एवढंच बोललो. पुढचं गावानं केलं. त्याचं घर उचकटलं, टाळ मिळाले नाहीत. मी माझ्या गावी परतलो. आठवड्यानं कपड्यांच्या पेटीचा खालचा खण उघडला — टाळ तिथं! मीच ठेवलेले! आणि मी काय केलं? फोन केला? छे! महाराजांनी विसरायचं असतं काय? गप्प बसलो. लाज वाटते सांगताना, पण गप्प बसलो.

या वर्षी पुन्हा सप्ता. काल्याच्या आदल्या दिवशी पोलीसपाटील तात्याबांच्या मंडळींची कानातली कुडी हरवली. भोंगा बोलला. माणसं गेली. कुशावर्तानं काल्यासाठी ज्वारीच्या लाह्या फोडून ठेवल्या होत्या. या लोकांनी तो डबा अंगणात उपडा केला! कुडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंध लावत होतो. कुशावर्ता आली. रडत नव्हती. सरळ म्हणाली, "महाराज, भोंग्यावर हरवलेलं सांगत्यात. सापडलेलं कधी सांगत्यात का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय बाई?"

"वच्छलाबाईंची तलंग वैरणीच्या गंजीमागं अंड्यावर बसली होती. अण्णांची कवळी तांब्यात होती. पंचायतीचा पाना टाकीवरच ऱ्हायला होता. सापडल्यावर आमच्या दारात कोण आलं? कुणी नाही. म्हंजे अजून ते समदं आमीच चोरलेलं हाय."

मी म्हटलं, "गाव अडाणी आहे, बाई. मनाला लावून घेऊ नका."

तर ती माझ्या शेजारच्या टाळांकडं बघून म्हणाली, "आन तुमचे टाळ? तांबड्या गोंड्याचे. मागच्या सालचेच ना?"

मंडळी! मी घाईनं टाळांवर उपरणं टाकलं.

ती म्हणाली, "फाट्यावर दोघं जण गाडी घेऊन थांबल्यात. तुरुंगातल्या वळखीचे. तांब्याच्या तारा चोरत्यात. ते ह्यांना म्हणत्यात, 'नाव तर हाईच, मग धंदा का सोडतो? आमच्यात ये, तितं कुणी डबं उपडं करत न्हाई.' काला झाला की हे निघणार हायेत. म्या सोळा वर्षं धरून ठिवलं, महाराज. आता माझा हात पुरंना. आज तुमी भोंग्यावर बोला. बोलल्याबिगर हंडी फुटली तर त्या काल्याचा घास मला उतरायचा न्हाई."

सांगा, मी काय करायचं होतं?

कीर्तनाला उभा राहिलो. गहिनीनाथ पार मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसलेला. पिशवी भरलेली, शेजारी. मी हे टाळ वर धरले आणि म्हणालो, "हे माझ्याच पेटीत सापडले. मागच्या साली. मी सांगितलं नाही. गहिनीनाथ, चोर तू नाहीस, लबाड मी आहे!"

मी माईक पुढं धरला. "कुणाकुणाचं काय काय सापडलं? या. आल्याशिवाय हंडी फुटणार नाही!"

मग वच्छलाबाई उठल्या. "माजी तलंग..." म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मग ज्ञानोबा अण्णा. ती कवळी तोंडातच होती, म्हणून बोलता तरी आलं! मग पाना. मग पाटलीणबाई उठल्या. तात्याबा डोळे वटारतायत, तरी उठल्या! म्हणाल्या, "कुडी काल संध्याकाळीच सापडली. उशीच्या अभ्र्यात होती. ह्यांनी गप ऱ्हा म्हटलं."

फक्त शाळेची केबल कुणी सांगितली नाही. ती सापडलेलीच नव्हती. तीन जण मात्र खाली मान घालून बसले होते. समजा काय ते! गावानं एक चोर पाळला, की बाकीच्यांची किती सोय होते!

हंडी फुटली. कुशावर्तानं अंगणातून वेचून, पाखडून आणलेल्या लाह्या मी आधी हंडीत घातल्या होत्या. पहिला घास तिनं घेतला. गहिनीनाथ पिशवी घेऊन फाट्याकडं निघाला. मी मंडपाबाहेर येऊन टाचा उंचावून बघत राहिलो. फाट्यावर गेला, त्या दोघांशी बोलला, गाडी गेली. हा एकटाच परत आला. तोवर त्याच्या दारात तात्याबा उभे होते. माफी मागायला? नाव नको! जळकी मोटार घेऊन आले होते. पाटलाची मान एवढीच वाकते, पण वाकली. म्हणाले, "सोमवारपर्यंत भरून दे."

झालं आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या गावात गहिनीनाथ कोण आहे, ते मी विचारणार नाही. तुम्ही आत्ता मनात ज्याचं नाव घेतलंत, तोच तो. काही हरवलं की तुमचे पाय कुणाच्या दाराकडं वळतात, आणि सापडल्यावर तेच पाय घरात का बसतात? आज मी हटून बसलोय, मंडळी. हा माईक खाली ठेवणार नाही. हंडी तिथं आहे, दही आंबट झालं तरी चालेल!

बोला. कुणाचं काय सापडलंय?

...कोण ते? खांबाजवळच्या मावशी? या. वाट द्या रे त्यांना. घाबरू नका, मावशी, माईक असा धरा. आणि आधी त्याचं नाव घ्या — ज्याच्या घरी गेला होतात त्याचं. मोठ्यानं.