स्विचची सुट्टी

अंजनगाव सुर्जीच्या तहसील हापिसात दोन स्विच, म्हंजे नेट वाटणारे डबे, मीच बसवले होते, बरं का. नेटचा लोड दोघायनं अर्धा-अर्धा ओढायचा, अन् एक गेला तर दुसऱ्यानं सारा सांभाळायचा. तिथल्या शिपायाले, रफिकभाईले, एक बंद करूनही दाखवला.

"वा! एकावरही भागते," म्हणे.

मे महिन्यात फोन आला. शेतकऱ्यायच्या मदतीच्या पॅकेजचे फारम भरायचा शेवटचा दिवस, बाहेर उन्हात ही लांब रांग, अन् नेट बंद. अकोल्याहून एसटीत उभ्यानं गेलो. पाहतो तर एक स्विच जळेल होता. दुसरा चांगला, पण बंद, अन् वरून रुमाल झाकेल.

"हा कावून बंद हाये?"

"आज त्याची सुट्टी हाये, साहेब. उन्हाळाभर एक दिवसाआड एकेकाले आराम देऊन राहिलो."

"अहो, दुसरा जळाला, तवा तरी चालू करायचा!"

"काल दिवसभर त्यानं एकट्यानं ओढलं. आज कसं उठवू?"

मी बटन दाबलं. रांग हलली.

रागावणारच होतो, पण तिथंच खुर्चीत बसून राहिलो. माह्या जोडीचा पोट्टा पुण्याले गेला, तवापासून दोन जिल्हे मी एकटाच ओढून राहिलो. आमच्या हापिसात एक रफिकभाई पाहिजे होता.