लवूचा गळ

परळच्या एका दवाखान्यात ईसीजीच्या रांगेत माझ्या पुढे साठीतलं एक जोडपं बसलं होतं.

"पवई तलावाचा अख्खा काठ पालथा घालून ती जागा शोधली मी, सुभद्रा. बारा वर्षं दर गुरुवारी पिठाचे गोळे टाकून तिथे रविवारच्या गळासाठी मासे जमवले. आणि परवा रविवारी बघतो, तर शेजारचा लवू हजर."

"हळू बोला. बीपी वाढेल."

"त्याला जागा सांगितली कोणी?"

"मी."

"तू? अगं, मी सख्ख्या भावाला सांगितली नाही."

"म्हणूनच मागच्या महिन्यात तिथे चक्कर येऊन पडलात, तर तासभर कोणाला पत्ता नव्हता."

"म्हणून त्याला गळ घेऊन पाठवायचा? आणि तोही असला येडा. दिवसभर गळ पाण्यात, पण गळाला चाराच नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला होता."

"त्याला तेवढंच सांगितलंय."

रांग हलली, तसे दोघं एकेक खुर्ची पुढे सरकले.

"मग आणखी एक सांग त्याला."

"काय?"

"दर पाच मिनिटांनी 'काका, बरं वाटतंय ना' म्हणून ओरडू नको म्हणावं. मासे पळतात."