टोकाला सहा, भिंतीला दहा

माझं माहेर चिपळूणचं. वडील गावच्या वाचनालयात पुस्तकं बांधायचे, म्हणजे फाटलेली पुस्तकं शिवून त्यांना नवीन पुठ्ठा चढवायचे, आणि मी शाळेतून आले की त्यांच्याशेजारी बसून खळ ढवळायची आणि हातात येईल ते वाचायची, कधी मधलीच पानं, कधी शेवटचीच. पुठ्ठा आणि पाठ यांच्यात बारीक फट सोडायची हे मला त्यांनी शिकवलं. अगदी भिडवून चिकटवलं तर दिसायला छान दिसतं, पण पुस्तक उघडत नाही, आणि जोर लावून उघडलं की पाठच मोडते. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल. आणि एक लिहून घ्या, मला राग आलेला आहे. आठ महिने लोक म्हणतायत, मनीषा, तू किती शांतपणे घेतलंस गं. मी शांतपणे काहीही घेतलेलं नाही, मी फक्त हळू बोलते.

सतीश नाशिकचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग डिग्री, मग इथे मेलबर्नमध्ये क्लेटनला मास्टर्स, आणि लग्न करून त्याच्या मागोमाग मी, मराठीत एमए केलेली. मराठीतलं एमए घेऊन मेलबर्नमध्ये काय करतात, काय सांगू तुम्हाला, डँडेनॉन्गला सॅलडच्या फॅक्टरीत पानं निवडतात. सतीश युनी सांभाळून वीकेंडला एका डेकवाल्याकडे, म्हणजे घराबाहेर फळ्यांचे ओटे बांधणाऱ्याकडे, फळ्या उचलायला जायचा. मास्टर्स झालं, इंजिनिअरची नोकरी मिळेना, जिथे जाईल तिथे इथला अनुभव आहे का विचारायचे, आणि इथला अनुभव होता तो डेकचाच. तेच काम झालं. सासूबाई नाशकात सांगायच्या, कन्स्ट्रक्शन कंपनीत आहे. सतीश हसायचा, म्हणायचा, आई खोटं बोलत नाहीये, कंपनी आहे, मी आणि माझी यूट. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी.

पुढे बांधकामाचं लायसन्स काढलं, स्वतःची कामं घ्यायला लागला, आणि आमची लेक इरा शाळेत जायला लागल्यावर मी फॅक्टरी सोडून त्याच्याबरोबर निघाले, कारण कॉम्पोझिटची फळी एकट्याने उचलता येत नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेली असते ती, साडेपाच मीटर लांब, जड, आणि मधे लोंबते मेलेल्या अजगरासारखी. दुसरं टोक मी धरायचे. गोरे म्हातारे गिऱ्हाईक म्हणायचे, गुड ऑन यू, लव्ह. आपले लोक म्हणायचे, अरे वा, वहिनी आज डबा घेऊन आल्या वाटतं. माझ्या हातात ड्रिल असायचं आणि गुडघ्यांना पॅड बांधलेले असायचे, तरी डबाच दिसायचा त्यांना.

सगळ्यांना कॉम्पोझिटच हवं असतं. लो मेंटेनन्स. तेल लावायला नको, पॉलिश करायला नको, वाळवी नाही, हातात कुसळ जात नाही, पंचवीस वर्षं बघायला नको. मला तो शब्द ऐकला की आता चीड येते. पंचवीस वर्षं काही करायचं नाही म्हणजे लोकांना वाटतं की ती वस्तू निर्जीव आहे. नाहीये. थंडीत आखडते, उन्हाळ्यात लांबते. लाकडापेक्षा जास्तच लांबते. म्हणून ज्या दिवशी घालाल त्या दिवशी हवा किती गार आहे ते बघून फट सोडावी लागते, गारठ्यात मोठी, उन्हात लहान. सतीशकडे फ्रिजमध्ये ठेवतात तसलं एक छोटं थर्मामीटर होतं. ते फळ्यांच्या ढिगावर ठेवायचा, दहा मिनिटं कोणाला हात लावू द्यायचा नाही, मग वाचायचा आणि खालच्या तुळईच्या अंगावर, जिथे फळी बसल्यावर कोणालाच कधी दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहायचा. वेळ, डिग्री, फट. मराठीत. मी म्हणायचे, कोण वाचणार आहे हे? तो म्हणायचा, जो उघडेल तो.

डॉक्टरांचं काम आलं गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, बॅलरॅटला. डॉक्टर मूळचे पुण्याचे, मोठं घर, उत्तरेला, म्हणजे इथल्या उन्हाच्या बाजूला, काचेचे दरवाजे, आणि आई आठ-नऊ महिन्यांसाठी आलेली, तिला दुपारचं उन्हात बसता यावं म्हणून डेक. बॅलरॅटचा गारठा तुम्हाला माहीत नसेल. सकाळी पोचलो की तुळयांवर पांढरं हिव असायचं, ते उतरेपर्यंत हात लावायचा नाही. स्क्रू थेट मारला तर फळीचं टोक चिरतं, म्हणून प्रत्येक भोक आधी पाडून घ्यायचं. माझी बोटं इतकी बधिर व्हायची की पेन्सिल खाली पडली तर उचलता यायची नाही.

तिथेच आमचं भांडण झालं. फळीला फळी जोडतो तिथली फट मला फारच मोठी वाटली. मी म्हटलं, सतीश, हे कामचुकारपणासारखं दिसतंय, पुण्याची माणसं आहेत, बारीक नजरेने बघतील. तो म्हणाला, बघू देत. मी म्हटलं, थोडं तरी जवळ घे. त्याने ऐकलं नाही, वाकून काहीतरी लिहिलं आणि फळी बसवली. मी दुपारपर्यंत बोलले नाही त्याच्याशी. डॉक्टर संध्याकाळी आले, बुटाच्या टोकाने फट दाबून बघितली आणि म्हणाले, ही इतकी का? सतीशने शांतपणे सगळं समजावलं, उन्हाळ्यात भरून येईल, हात लावू नका. डॉक्टर म्हणाले, नो वरीज. आजींनी, म्हणजे डॉक्टरांच्या आईंनी, आम्हाला गरम शिरा दिला. मला ती माणसं आवडली होती, खरं सांगते.

नोव्हेंबरात सतीश गेला. हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, यूटमध्ये बसल्याबसल्या. चव्वेचाळीस वर्षांचा. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी बोलणार नाही, तुम्ही विचारू नका.

जानेवारीत आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विचारलं की डेकसाठी कोणी चांगला माणूस आहे का, आणि डॉक्टरांनी उत्तर दिलं. फोटो टाकला, फळ्या मधोमध उचललेल्या, तंबूसारख्या. खाली लिहिलेलं, इंग्लिशमध्ये, की गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, सतीश स्वभावाने फार चांगला होता, पण काम कच्चं होतं, आपलाच माणूस म्हणून दिलं, तुम्ही ती चूक करू नका. दोन महिने झाले होते हो. ज्या लोकांनी माझ्या घरी वरणभात आणून ठेवला होता त्यांनी त्याच्याखाली अंगठे टाकले. एकजण म्हणाला, थँक्स फॉर द हेड्स अप, मेट.

तेही मी गिळलं असतं. पण इरा सोळा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणीने तिला दाखवलं. ती स्वयंपाकघरात आली, फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, मम, डिड बाबा स्टफ इट अप? म्हणजे बाबाने काम बिघडवलं का. आणि काय सांगू तुम्हाला, मला लगेच नाही म्हणता आलं नाही. फोटोत फळ्या उचललेल्या दिसत होत्या. मी त्या टोकाला होते, माझ्या हाताने धरलेल्या फळ्या, आणि तरी माझ्या मनात आलं, कुठे चुकला का हा? ते एक मिनिट मी स्वतःला माफ केलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

फेब्रुवारीत मी यूट घेऊन बॅलरॅटला गेले. अडतीस डिग्री. डॉक्टरांनी दार उघडलं, म्हणाले, अहो मनीषाताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात, मी दुसरा माणूस बघतोय. मी म्हटलं, बघा, पण आधी मला बघू द्या. डेकवर गेले. जिथे सतीशने सहा मिलिमीटर सोडले होते तिथे काहीच नव्हतं. म्हणजे फट भरलेली होती, फळीच्याच तपकिरी रंगाने, इतकी सफाईने की उभं राहून कळलं नसतं. मी गुडघ्यावर बसले, पटाशी लावली आणि एक तुकडा उपटला. दगडासारखा कडक, फळ्यांना लांबायला जागाच नाही. भिंतीजवळही तेच, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी विचारलं, हे काय आहे? डॉक्टर म्हणाले, म्हणजे, ते फिनिशिंग आहे ना? तेवढ्यात आजी आतून बाहेर आल्या, हातात ताट, आणि म्हणाल्या, अरे, ते तूच नाही का भरलंस माझ्यासाठी? मी डाळ निवडायला बसायचे, दाणे त्या फटींतून खाली जायचे आणि उंदीर झाले होते. ऑगस्टमध्ये रविवारभर गुडघे टेकून भरत होता बिचारा. डॉक्टर म्हणाले, आई, तू आत जा, ऊन आहे. आजी म्हणाल्या, उन्हासाठीच तर केलंय ना हे?

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी विचारलं, सतीशने सांगितलं होतं ना हात लावू नका? तर म्हणतात, आता तो काय म्हणाला आणि मी काय ऐकलं, आणि मुळात त्याने पुरेशी फट सोडली होती याला पुरावा काय? पुरावा. असं म्हणाले.

भिंतीजवळची शेवटची फळी वरून स्क्रू केलेली असते, ती आधी निघते. मी ती काढली, मग दुसरी, मग जोडाची. घाम डोळ्यांत जात होता. मग टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, डॉक्टर, खाली बसा. ते म्हणाले, कशाला? मी म्हटलं, बसा. बसले. वाकल्याशिवाय दिसत नाही, गाल फळीला लावावा लागतो. म्हटलं, मोठ्याने वाचा, मराठी शाळेत गेला असाल ना?

त्यांनी वाचलं. सकाळी पावणेआठ. एक डिग्री. टोकाला सहा, भिंतीला दहा. मग थांबले. मी म्हटलं, वाचा पुढे, मला वाटलं मापंच असतील. ते हळू आवाजात म्हणाले, मनीषा म्हणते जास्त वाटतं. उन्हाळ्यात बघू.

मी त्यांच्या हातातून टॉर्च घेतला आणि स्वतः वाकले. त्याचंच अक्षर, घाईचं, पेन्सिल मोडेल इतकं दाबून लिहिलेलं. उन्हाळ्यात बघू म्हणे. हा उन्हाळा आहे, सतीश, बघ की. आजी कधी माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, सॉरी, मी सगळा खर्च देतो, आणि याचा फोटो काढून ग्रुपवर टाका ना तुम्ही, म्हणजे विषयच मिटला. मी फोटो काढला. पण टाकणार नाही म्हटलं. त्यात माझं नाव आहे, आमचं भांडण आहे ते, आमचं दोघांचं शेवटचं धड भांडण. अंगठे दाखवणाऱ्यांना ते कशाला वाचायला देऊ? मी म्हटलं, तुम्ही लिहा. त्यांनी लिहून दाखवलं, देअर वॉज अ मिसअंडरस्टँडिंग. मी म्हटलं, हे नाही. दुसरं लिहिलं, रेझॉल्व्ह्ड अॅमिकेबली. मी म्हटलं, मराठीत लिहा, तीन शब्द पुरे आहेत. फटी मी बुजवल्या. ते म्हणाले, ताई, लोक काय म्हणतील? मी उपटलेल्या फळीच्या शेजारी मांडी घातली आणि म्हटलं, मला घाई नाही, मी आज कामावर आलेय. अर्धा तास लागला असेल. आजी म्हणाल्या, लिही रे, इतके मोठे दवाखाने चालवतोस आणि तीन शब्द लिहवेनात तुला? लिहिले त्यांनी. फोन माझ्यासमोर धरून पाठवले. त्याच्याखाली एकही अंगठा आला नाही, आजतागायत.

मग मी डेक दुरुस्त केला. हो, मीच केला, त्यांच्यासाठी नाही, त्याच्या हातचं काम तंबूसारखं राहू द्यायचं नव्हतं म्हणून. सगळा भराव काढला, भराव चिकटलेली टोकं तेवढी कापली. जोडाची फळी बसवायच्या आधी त्याच्या ओळींखाली मी लिहिलं, दुपारी तीन, अडतीस डिग्री, टोकाला दोन. आणखी काही लिहायचं मनात होतं, सुचलं नाही. फळी बसवली.

घरी येऊन इराला फोटो दाखवला. तिला मराठी वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर. तिने सगळं वाचलं, शेवटची ओळ दोनदा. मग म्हणाली, सो बाबा वॉज राईट. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, अँड यू वर राँग, मम. मी म्हटलं, हो गं, मी चुकले. आणि आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो, नीट, आवाज करून.

आता पुन्हा जुलै आहे. लायसन्स सतीशच्या नावावर होतं, म्हणून मी दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे जाते, त्याचा हात बरा आहे, माप मात्र मी घेते. थर्मामीटर माझ्या खिशात असतं. राग गेला का म्हणून विचारताय, तर नाही गेला, आणि जायला हवा असं मला वाटतही नाही. आजी परत आल्यात म्हणे, उन्हात बसतात. बसू देत, शंभर वर्षं बसू देत त्या तिथे. डाळ मात्र आत निवडा म्हणावं.